वेसावे ते वेसावे: एक गाडी, एक झाकण, संध्याकाळी सहापर्यंत

भंगारवाला रविवारी संध्याकाळी सहाला येणार आहे, हे मला गुरुवारी जेवताना कळलं. बाबांनी बोंबलाचं कालवण वाढून घेता घेता सहज सांगितलं.

"ती गारी देऊन टाकतो. कुर्ल्याचा मानूस येनार हाय."

ती गारी म्हणजे बाबांची शंभर सीसीची मोटरसायकल, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बंदरावरून मासळीच्या पाट्या वाहून वाहून तिच्या सीटखाली, कॅरिअरमध्ये, अगदी इंडिकेटरच्या काचेआडसुद्धा कोळंबीचा वास मुरलाय. बाबांचा गुडघा गेला, किक मारणं थांबलं आणि दोन वर्षं ती भिंतीला टेकून खारा वारा खात उभी राहिली. गेले चार महिने दर रविवारी तिच्या मागे लागून मी तिला पुन्हा चालू केलं होतं.

"बाबा, ती चालते," मी म्हणाले.

"गल्लीत बदकं पन चालतात."

हे मला लागलं. मी तिथेच, हाताला कालवण असताना, जाहीर करून टाकलं की रविवारी मी तिच्यावरून अख्ख्या उपनगरांना फेरी मारून येते. वेसाव्याहून तरीच्या होडीने मढ, मग मार्वे, मनोरी, गोराई, उत्तन, घोडबंदर, मुलुंड, घाटकोपर आणि परत वेसावे. नव्वदेक किलोमीटर. बाबांनी ताटातून मान वर केली.

"सहाच्या आत. आपल्या चाकांवर. आनि वाटंत मेकॅनिकचा हात लागला, तर गारी त्याची."

"कोणाची?"

"भंगारवाल्याची."

आई म्हणाली, "बीएस्सी केलं पोरीनं, आनि नखांत ग्रीस बघा गो बाय." माझं डिग्रीचं सर्टिफिकेट आमच्या घरात होडीच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलंय. घरातलं पहिलंच असल्यामुळे त्याला रोज उदबत्तीही मिळते. विषय भौतिकशास्त्र. हे लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल.

शनिवार सगळा तयारीत गेला. प्लग साफ केला, चेनला तेल दिलं, पेट्रोलची नळी नवीन टाकली, टाकी घासून लख्ख केली. टाकीच्या झाकणाला आतून एक टाचणीएवढं भोक दिसलं, तेही बाबांच्या डब्यातल्या पुट्टीने बुजवून टाकलं. ही ती दोन रंगांचे गोळे एकत्र मळायची पुट्टी, सुकली की दगड. आमच्याकडे होडीला भोक दिसलं की बुजवतात, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. बाबा दारातून बघत होते. काही बोलले नाहीत.

आता माझ्या सोबत्यांबद्दल. आम्ही चौघं आहोत आणि आमच्या मंडळाचं नाव आहे 'आपले हात'. मुलुंडचे नेने काका, ऑफिसातून निवृत्त झालेले, त्यांचे पाने मापाप्रमाणे शिवलेल्या कप्प्यांत झोपतात आणि ती पिशवी काकूंनी भरतकाम करून दिलीय. घाटकोपरची शीतल, शाळेत पीटी शिकवते, त्यामुळे तिला हळू बोलता येत नाही. कांदिवलीचा जिग्नेश, ज्याच्या गाडीच्या डाव्या पेटीत अवजारं आणि उजव्या पेटीत थेपले. मंडळाचा नियम एकच: ज्याची गाडी, त्याचे हात. गाडी बंद पडली तर बाकीच्यांनी पाना द्यायचा, सावली धरायची, खायला घालायचं, हवी तेवढी चेष्टा करायची. हात लावायचा नाही. न विचारता सल्लाही द्यायचा नाही.

विचारलं तर मात्र सगळं सांगायचं. पण मी चार महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. अकरावीच्या फॉर्मपासून परीक्षेच्या फीपर्यंत सगळं मी एकटीने शोधून काढलंय, कारण घरात विचारायला कुणी नव्हतं. मग गाडी तरी का विचारून शिकू?

रविवारी सकाळी सात वाजता तिघंही वेसाव्याच्या धक्क्यावर हजर. निघताना आईने आपल्या बांगडीतल्या दोन सेफ्टीपिना काढून माझ्या ओढणीला लावल्या. "उरंल नायतर, आनि चाकात जाईल." हेल्मेट, जाकीट, हातमोजे आणि ओढणी असा माझा अवतार बघून शीतल ओरडली, "अगं ए, लग्नाला चाललीयस का लढाईला?"

ज्यांना ही फेरी करायची आहे त्यांच्यासाठी: वेसावे-मढ तरीवर गाडी चढवायला घाबरू नका. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा, पाय दोन्ही खाली आणि नजर समोर. तरीवरचे काका मागून ढकलतातच. भाडं किरकोळ, फक्त सुट्टे ठेवा. पाच मिनिटांत पलीकडे. पण ती पाच मिनिटं! पाण्यावर माझी गाडी! जी आयुष्यभर होड्यांमधून उतरलेली मासळी वाहत आली ती पहिल्यांदाच स्वतः होडीत बसली होती. मी तिच्या टाकीवर थोपटलं. जिग्नेश म्हणाला, "हिला उलटी-बिलटी होत नाय ना?"

मढचा रस्ता सकाळी स्वप्नासारखा असतो. दोन्ही बाजूंना झाडं, मध्येच एखादं चर्च, वाळत घातलेले बोंबील आणि त्यांच्याखाली टक लावून बसलेली मांजरं. गाडी अशी पळत होती की मी हेल्मेटच्या आत मोठ्याने गात होते. मार्वेची दुसरी तर. तिथे ओहोटी असली की उताराच्या लाद्या शेवाळ्याने घसरतात, म्हणून भरतीची वेळ बघून जा. मला कुणी सांगावं लागलं नाही, आमच्या घरात कॅलेंडरच्या आधी भरती बघतात.

मनोरी मागे टाकलं आणि गाडीने दोन आचके दिले. मग शांतता.

"वाट लागली!" शीतल आनंदाने म्हणाली. आमच्या मंडळात गाडी बंद पडली की बाकीचे खूश होतात, कारण ट्रिपचा खरा कार्यक्रम तोच असतो. जिग्नेशने थेपले काढले. मी टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं, पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, किक मारली. चालू!

"काय केलंस?" जिग्नेशने विचारलं.

"काही नाही. नजर टाकली फक्त."

"तुझी नजर भारी आहे यार. माझ्या बॉसवर टाक."

नेने काका टाकीकडे बघून खोकले. मी त्यांना आल्याची गोळी दिली.

गोराईत शहाळी प्यायलो आणि उत्तनच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला समुद्र, एका बाजूला चढ, आणि रस्त्यावर आमच्याशिवाय फक्त एक कोंबडी. इथे गाडी दुसऱ्यांदा बंद पडली. या वेळी मी प्लग काढला. काळा नव्हता, तरी घासला, पुसला, फुंकर मारली, जागेवर बसवला. यात दहा-पंधरा मिनिटं गेली. किक. चालू! मी दोन्ही हात वर करून नाचले. शीतलही नाचली. नेने काका पुन्हा खोकले, जरा जोरात. मी दुसरी गोळी दिली.

"काका, डॉक्टरला दाखवा," मी म्हणाले.

"दाखवतो," काका म्हणाले. "मला फार त्रास होतोय."

उत्तनला एका घरगुती खानावळीत जेवलो. सुरमई ताजी होती, बोंबील कालचे. मी कोळ्याची मुलगी आहे, मला फसवता येत नाही, पण मालकीणबाईंनी सोलकढी तीनदा वाढली म्हणून माफ. जेवून निघालो तेव्हा साडेबारा झाले होते. सहाला साडेपाच तास. भाईंदर, काशीमिरा, मग घोडबंदर रोड. इथून पुढे रस्ता मोठा आणि ट्रक त्याहून मोठे. डावी बाजू सोडू नका आणि आरशावर विश्वास ठेवा.

चढावर तिसऱ्यांदा गाडी बंद पडली. मागून ट्रक भोंगा वाजवत गेला. कशीबशी कडेला घेतली. नजर टाकून चालू होईना, म्हणजे नजर टाकायचं मी विसरलेच, कारण आता माझी खात्री पटली होती की दोष कार्बोरेटरचा. डोक्यावर ऊन, अंगात जाकीट, समोर कार्बोरेटर. शीतलने छत्री धरली, जिग्नेशने स्क्रू ठेवायला थेपल्याच्या डब्याचं झाकण दिलं. मी कार्बोरेटर खोलून साफ करून पुन्हा जोडेपर्यंत सव्वादोन वाजून गेले. किक मारली. नाही. पुन्हा मारली. दहा किका. पंधरा. पहिल्यांदाच मला कुर्ल्याचा माणूस खराखुरा दिसला. आमच्या अंगणात, आमच्या खुर्चीत, हातात चहा.

"अजून साडेतीन तास आहेत गं," शीतल एकदम हळू म्हणाली. ती हळू बोलली म्हणून मला जास्त भीती वाटली.

इतक्यात दोन मोठ्या गाड्या थांबल्या. लांबच्या प्रवासाच्या, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे बांधलेला तंबू. रस्त्यावर एका बाईकवाल्याला पाना हातात घेऊन बसलेलं पाहिलं की दुसरा बाईकवाला थांबतोच. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण मी अजून एकही न थांबणारा पाहिला नाही. एक दादा आणि एक ताई हेल्मेट काढून आले. विरारचं जोडपं, माळशेजला निघालेलं.

मला अट आठवली. मी उभी राहून दादांना आधीच विचारून घेतलं, "दादा, तुम्ही मेकॅनिक नाही ना?"

"छे हो," दादा दचकले. "मी शाळेत चित्रकला शिकवतो."

"मग या, बसा!"

मी पेट्रोलची नळी टाकीच्या बाजूने काढली. खाली बाटली धरली. पेट्रोल धारेने यायला हवं. थेंब आला. अजून एक थेंब. मग काहीच नाही. टाकी अर्ध्याच्या वर भरलेली आणि टाकीखालचा नळ कोरडा. हे कसं शक्य आहे? मी नळ बंद केला, आत काही अडकलंय का बघायला टाकीचं झाकण फिरवलं, आणि झाकणाने आवाज केला.

फुस्स्स.

ताजी सोड्याची बाटली उघडल्यासारखा, पण उलटा. बाहेरची हवा आत ओढली जात होती. मी तशीच झाकण हातात धरून थिजले. मग नळ उघडला. पेट्रोलची झकास धार माझ्या बुटावर.

पेट्रोल खाली उतरतं तेव्हा त्याच्या जागी हवा आत यावी लागते. हवा आली नाही तर आतला दाब कमी होतो आणि पेट्रोल लटकून राहतं. उत्तनच्या वाटेवर गाडी चालू झाली ती प्लग घासेपर्यंत थेंबथेंब जमलेल्या पेट्रोलवर, माझ्या फुंकरीने नाही. म्हणून झाकणाला भोक असतं. टाचणीएवढं. ते भोक मी होडीसारखं बुजवलं होतं. तोंडी परीक्षेत वातावरणाच्या दाबावर मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. सर म्हणाले होते, या मुलीला विषय कळलाय!

मी हे मोठ्याने सांगितलं तेव्हा जिग्नेश रस्त्याच्या कडेला आडवा पडून हसला. शीतलने हसता हसता छत्री सोडली. आणि नेने काकांनी आकाशाकडे हात जोडले.

"सुटलो!" ते म्हणाले. "देवा, सुटलो!"

"काका... तुम्हाला माहीत होतं?"

"मनोरीपासून! तू हेल्मेट घालून झाकण उघडलंस, मला फुस्स ऐकू आलं. तेव्हापासून पोटात ठेवलंय मी हे. गोळ्यांवर गोळ्या खातोय."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे?"

 

वाद घालायला वेळ नव्हता. झाकण गाडीपासून लांब नेलं. पुट्टी मी तेलकट पत्र्यावर लावली होती, बाबा आधी पॉलिश पेपरने घासून घेतात, मी घासलं नव्हतं, म्हणून ती घट्ट चिकटली नव्हती. माझा हा आळस आता देवासारखा धावून आला. पण झाकण घसरत होतं आणि स्क्रू ड्रायव्हर निसटत होता. मी मान वर केली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा म्हटलं, "कुणीतरी धरा ना, प्लीज."

मंडळींचे तीन हात पुढे आले आणि नियम आठवून हवेतच थांबले. विरारच्या ताई मात्र आमच्या मंडळात नव्हत्या. त्यांनी झाकण दोन बोटांत असं पकडलं की ते जागचं हललं नाही. मी टोक लावून दाबलं, पुट्टी पोपड्यासारखी उडाली. मग ओढणीची सेफ्टीपिन काढून भोकात घातली, फिरवली, फुंकर मारली. पलीकडून हवा ताईंच्या गालाला लागली.

"आरपार," त्या म्हणाल्या.

झाकण लावलं. दुसऱ्याच किकला गाडी चालू झाली आणि बंद व्हायचं नाव घेईना. सहा जणांनी घोडबंदर रोडवर ट्रकांच्या साक्षीने आरोळी ठोकली. दादांनी चित्रवहीत माझ्या झाकणाचं चित्र काढलं. निघताना ताईंनी मला पाठीवर थाप मारली.

"हात चांगला आहे तुझा. कधी विरारला आलीस तर माझ्या गॅरेजवर ये."

"तुमच्या गॅरेजवर?"

"माझं गॅरेज आहे ना. बारा वर्षं झाली."

त्या गेल्या. मी तिथेच उभी. बायकांनीही पाना धरावा म्हणून एरवी भाषणं देणारी मी, आणि मेकॅनिक कोण हे विचारायला गेले दादांकडे!

"बाबांना सांगू नको," शीतल म्हणाली. "धरलं फक्त त्यांनी."

"हात लागला, शीतल."

"अगं झाकणाला लागला!"

"झाकण गाडीचंच ना."

ठाण्यापर्यंत माझ्या डोक्यात हेच चाललं होतं, आणि तरी गाडी इतकी सुंदर चालली होती की मधूनच मी गातही होते. मुलुंडला नेने काकू फाटकाशी ताकाचे पेले घेऊन उभ्या होत्या. "कुणी इंजिन बंद करायचं नाही," त्यांनी फर्मावलं. आम्ही हेल्मेट वर करून चालू गाड्यांवर बसून ताक प्यायलो. माझं निम्मं टाकीवर सांडलं. काका तिथे थांबले नाहीत. "शेवट बघितल्याशिवाय मला झोप येणार नाही," म्हणाले.

घाटकोपरला शीतलच्या नाक्यावरचा डोसा सोडून पुढे जाणं ही आजवरची माझी सर्वात मोठी त्यागाची कृती आहे. तुम्ही सोडू नका, तुमच्याकडे भंगारवाला येणार नसेल तर. मग असल्फा, साकीनाका. डोक्यावर मेट्रो, खाली आम्ही, बस, टेम्पो, रिक्षा. चाळीस मिनिटं मुंगीच्या गतीने. गाडी तापली, पण थांबली नाही. अंधेरी ओलांडली तेव्हा साडेपाच. सहाला दहा मिनिटं कमी असताना मी आमच्या गल्लीत वळले, मागे तीन गाड्या भोंगे वाजवत, आणि शेजारची सगळी बदकं पळाली.

कुर्ल्याचा माणूस खरंच आमच्या खुर्चीत बसला होता. हातात चहा.

बाबा लंगडत पुढे आले. गाडी अजून चालू होती. त्यांनी कान देऊन ऐकलं, मग मला म्हणाले, "मेकॅनिकचा हात लागला?"

मागे शीतल माझ्या जाकिटाला चिमटे काढत होती.

"लागला," मी म्हणाले. "विरारच्या एक ताई होत्या. मला माहीत नव्हतं त्या मेकॅनिक आहेत. मी म्हटलं धरा, म्हणून त्यांनी झाकण धरलं. बाकी सगळं मी केलं. पण लागला."

 जिग्नेशने सवयीने थेपल्याचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. बाबांनी टाकीचं झाकण काढलं, उलटं करून बघितलं, उजेडाकडे धरून त्या भोकातून एका डोळ्याने आभाळ बघितलं.

"शनवारी पुट्टी भरत व्हतीस तवा मी दारात व्हतो," ते म्हणाले. "बोलनार व्हतो. मंग बोललो, ही शिकलेली हाय, हिला कायतरी ठाऊक असंल."

"मला काहीच ठाऊक नव्हतं, बाबा."

"मंग इचारायचं ना गो." त्यांनी झाकण लावलं. "होरीचं इंजिन मी एकट्यानं कदी खोललंय का? धरायला मानूस लागतेच."

मग ते कुर्ल्याच्या माणसाकडे वळले आणि त्याला मागच्या बाजूचा होडीचा गंजलेला नांगर दाखवला. तो नांगर, दोन फुटक्या बादल्या आणि आमचा जुना पंखा घेऊन तो गेला. जाताना म्हणाला, "ताई, गाडी चांगली आहे, विकू नका."

या सगळ्याला आता आठवडा झाला. बुटांना अजून पेट्रोलचा वास येतो. पुट्टीचा तो पोपडा मी अवजारांच्या पिशवीत ठेवलाय. आई सेफ्टीपिन परत मागतेय, ती मी देणार नाही. रोज संध्याकाळी बाबा मागे बसतात आणि मी त्यांना बंदरापर्यंत नेऊन आणते. गतिरोधक आला की ते माझ्या खांद्यावर टकटक करतात, जणू मला तो दिसत नाही.

काल ऑइल बदलायचं ठरवलं. पुस्तक उघडलं, मग मिटलं. बाबांना विचारलं तर ते डबा शोधायला उठले. आणि मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "नेने काका, ऑइल बदलताना काय काय बघायचं?"

 मग काकांचे एकामागोमाग एक सतरा मेसेज आले. शेवटचा काकूंचा होता, काकांच्या फोनवरून: "रडतायत गं हे. रोज विचारत जा."